बदकांचा पथ्याचा डबा

लेकीच्या फ्रीजरच्या अगदी खालच्या कप्प्यात एक पिशवी सापडली. आत ब्रेडच्या पहिल्या आणि शेवटच्या स्लाइस, घरात कुणी खात नाही आणि कुणाला टाकवतही नाहीत अशा. "हे काय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "बदकांचं आहे ते. रविवारी नदीवर जातो ना आम्ही." मला बरं वाटलं. एवढ्या लांब येऊनही पोरीनं अन्न टाकू नये हे लक्षात ठेवलंय, शिवाय ते मुक्या जिवांच्या मुखी लागतंय.

हे मे महिन्यातलं. सहा महिन्यांसाठी मी रेडिंगला आले होते. लंडनहून रेल्वेनं अर्ध्या तासावरचं गाव. उत्तरेच्या अंगानं थेम्स वाहते, पलीकडच्या काठाला कॅव्हरशम म्हणतात, आणि पुलाच्या अलीकडे नदीकाठानं फिरायला लांबलचक हिरवळ आहे. नातू साडेतीन वर्षांचा, त्याला आम्ही चिनू म्हणतो. तो, त्याची आई आणि ब्रेडची पिशवी घेतलेली मी, अशी आमची दिंडी रविवारी सकाळी नदीवर गेली.

काठावर एवढी गर्दी मी फक्त रामकुंडावर पाहिलेली. पांढरेशुभ्र हंस, काळ्या मानेचे कॅनडा गूज, डोळ्यांभोवती काजळ फिसकटल्यासारखे तपकिरी डाग असलेले इजिप्शियन गूज, आणि या सगळ्यांच्या पायात पायात करणारी साधी बदकं. नराचं डोकं बाटलीच्या काचेसारखं हिरवं, गळ्यात पांढरी पट्टी, शेपटीवर दोन-चार पिसं कुरळी. मादी वाळक्या पाचोळ्याच्या रंगाची. यांना मॅलार्ड म्हणतात. आपल्याकडे ती हिवाळ्यात उत्तरेत येतात, महाराष्ट्रात क्वचित. "क्वॅक क्वॅक" असं खणखणीत ओरडणं हे फक्त मादीचं काम, नर घसा बसल्यासारखा काहीतरी पुटपुटतो. आमच्या घरी यात कुणाला नवल वाटलं नसतं.

कडेकडेनं काळेभोर पक्षी फिरत होते, कपाळावर पांढरा टिळा. मी लेकीला म्हटलं, "अगं, हे तर वारकरी!" नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळावर आम्हाला दुर्बिणीतून पक्षी दाखवणाऱ्या मुलानं हे नाव सांगितलं होतं. कपाळावरच्या टिळ्यामुळे वारकरी. थेम्सवर वारकरी बघून माझे हात जोडले गेले, खोटं कशाला सांगू.

चिनूनं पहिली स्लाइस अख्खीच भिरकावली. पाण्यावर एकच झुंबड उडाली. हंसानं मान लांब केली, गूज एकमेकांना टोचायला धावले, आणि त्या गोंधळात वरून एक कुरव पक्षी, म्हणजे सीगल, आला, स्लाइस उचलून गेलासुद्धा. बदकांच्या वाट्याला चुरा आला, तोही त्यांनी चटाचटा टिपला. चिनू टाळ्या वाजवत होता. तेवढ्यात लेकीचं लक्ष शेजारच्या पाटीकडे गेलं. ब्रेडच्या चित्रावर लाल फुली, आणि खाली वाटाणे, मका, सॅलडची पानं.

"आई, आपण चुकीचं घालतोय वाटतं."

"अगं, मिटक्या मारत खातायत की."

"चिनूसुद्धा चॉकलेट मिटक्या मारत खातो."

मी गप्प बसले. कारण हे वाक्य माझंच होतं. नाशिकला मी २३ वर्षं डबे केले. चाळीसेक डबे रोजचे, त्यांतले सात-आठ पथ्याचे. कुणाला साखर वर्ज्य, कुणाला मीठ, कुणाला तेल. पथ्याच्या डब्याच्या कडीला मी लाल दोरा बांधायची, म्हणजे भरताना चूक व्हायला नको. एका आजोबांच्या डब्यात रोज चिठ्ठी परत यायची, "भाजी अळणी आहे". मी त्यांच्या सुनेला सांगायची, आवडणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. तर अशी मी, आणि बदकापुढे अख्खा ब्रेड ठेवताना एकदाही मनात आलं नाही की या पाहुण्याचं पथ्य काय, हे आधी विचारावं.

त्या रात्री लेकीच्या टॅबवर वाचत बसले. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगते. बदकाला दात नाहीत. चोचीच्या आतल्या कडांना बारीक दातेरी पट्ट्या असतात, चहाच्या गाळणीसारख्या. पाणी आत घ्यायचं, कडेनं बाहेर सोडायचं, गाळणीत राहील ते गिळायचं. गिळलेलं जातं पेषणीत. ही जाड स्नायूंची पिशवी, आणि तिच्यात बदकानं मुद्दाम गिळलेली वाळू, बारीक खडे. म्हणजे जातंच ते. या जात्यात दिवसभरात पडतं काय? पाणवनस्पतींचे कोंब, गवताचं बी, गोगलगायी, अळ्या, किडे. लहान पिल्लांना तर सुरुवातीचे काही आठवडे मुख्यतः किडेच लागतात, कारण भराभर वाढायचं तर प्रथिनं हवीत. अशा पोटात पांढऱ्या ब्रेडची स्लाइस गेली की जात्याला दळायला काही राहत नाही. पोट टम्म होतं आणि बदक चरायचं थांबतं. ब्रेड काही विष नाही. पण आमच्या गल्लीत चहा-खारीवर वाढलेला एक मुलगा होता, दिसायला गुबगुबीत आणि दर महिन्याला दवाखान्यात. तसला तो प्रकार.

आणि जो ब्रेड खाल्ला जात नाही त्याचं काय? तो फुगतो, तळाशी बसतो, कुजतो. त्यावर शेवाळ माजतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. काठावर पडलेल्या तुकड्यांवर रात्री उंदीर येतात. दोन-चार स्लाइसनं नदीला काय होतंय, असं मला वाटलं होतं. पण इंग्लंड आणि वेल्समधले कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टनं २०१५च्या सुमारास अंदाज केला होता की तिथले लोक वर्षाला ६० लाख ब्रेड बदकांना घालतात. स्लाइस नव्हेत, अख्खे ब्रेड. घराघरातल्या फ्रीजरमधल्या पिशव्या मला एका रांगेत दिसायला लागल्या.

मला टोचलं ते निराळंच. डबे भरायच्या आधी मी रोज पहिला घास बाजूला काढायची. गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी, आणि गल्लीत गाय आली तर तिच्यासाठी. तो ताज्या भातातला, पहिल्या पोळीतला असायचा. कुणाचं उष्टं नाही की कालचं नाही. आणि इथे आम्ही बदकांना काय देत होतो, तर ज्याला आमच्यातलं कुणी शिवत नाही ते. त्याला भूतदया म्हणायचं, आणि कचऱ्याचा डबा रिकामा झाल्याचं समाधान वर.

पुढच्या रविवारी मी रीतसर डबा भरला. कडीला लाल दोरा मिळाला नाही, चिनूच्या चित्रकलेच्या सामानातली लोकर बांधली.

फ्रोझन वाटाणे होतेच. ते नळाखाली धरून मऊ करून घेतले, शिजवले नाहीत. गोठलेले तसेच घालू नयेत. मक्याचे दाणे टिनमधले, ते बहुतेक मिठाच्या नाहीतर साखरेच्या पाण्यात असतात, म्हणून चाळणीत दोन पाण्यांनी धुतले. लेट्यूसची पानं बोटाच्या पेराएवढी चिरली, अख्खं पान त्या चोचीला फाडता येत नाही. ओट्स कच्चे आणि साधे, ते मध-दालचिनीवाले नव्हेत. मग मला राहवेना. लेकीच्या डब्यातले जाडे पोहे मूठभर घेतले आणि देशी दुकानातून आणलेली ज्वारी अर्धी वाटी. जावई म्हणाले, "आई, तांदूळ पक्ष्यांच्या पोटात जाऊन फुगतो म्हणतात." म्हणतात खरं, पण त्यात तथ्य नाही. केरळात कुट्टनाडला कापणीनंतर बदकांचे कळपच्या कळप खाचरांत सोडतात, सांडलेलं भात वेचायला. पिढ्यान्‌पिढ्या तांदळावर पोसलेल्या पक्ष्याला पोहे कसले बाधतात! शिजलेला भातही चालतो, फक्त त्यात मीठ, तूप, फोडणी काही नको. आपल्याकडे असा भात उरतो कुठे, हा प्रश्न वेगळा.

जावयांनी चिवड्याचा डबाही पुढे केला होता, तो मी परत ठेवला. मीठ, तेल, मसाला, एकाच घासात तिन्ही कुपथ्यं. वेफर्स, खारे दाणे, खारं पॉपकॉर्न यांचंही तेच. चॉकलेट नाही. इथे टोस्टवर फासून खातात ते अव्होकाडो पक्ष्यांना विषारी असतं, ते मुळीच नाही. कच्चा राजमा माणसालाही बाधतो, तो त्यांना कशाला. आणि बुरशी आलेलं काहीही नाही, मग ते कितीही पौष्टिक असो. ही शेवटची अट पाटीवर नव्हती, पण ज्यानं ब्रेडच्या पिशवीत वास घेऊन पाहिलाय त्याला ती सांगावी लागत नाही.

नदीवर गेलो. चिनूनं मूठभर वाटाणे टाकले, ते बुडाले. बदकं बघतच राहिली. त्यांना पांढरं, तरंगणारं काहीतरी हवं होतं. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, पहिल्या दिवशी सगळेच पथ्याचा डबा परत पाठवतात. मग एका मादीनं डोकं पाण्यात घातलं, शेपटी वर, पाय हवेत फडफड. "आजी, ती उलटी झाली!" चिनू किंचाळला. वर आली तेव्हा चोचीत काहीतरी चावल्यासारखं करत होती. तिच्या मागून दुसरी उलटी, मग तिसरी. पाणी उथळ होतं म्हणून तळ लागत होता. ओट्स तरंगले, ते वारकऱ्यांनी टिपले. पोहे थोडा वेळ तरंगून मग हळूहळू खाली निघाले, ते मॅलार्डनी गाळणी लावून वाटेतच गाठले. ज्वारी सरळ तळाला गेली. तिच्यामागे एक वारकरी बुडी मारून गेला आणि भलतीकडेच वर आला. ब्रेडच्या वेळी नुसती हिसकाहिसकी होती. आज प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं जेवत होता.

पाटीवरची सगळ्यात खालची ओळ लेकीनं मला वाचून दाखवली. थोडंच घाला, एका जागी ढीग करू नका, पाण्यात पसरून घाला, ते खायचे थांबले की तुम्हीही थांबा. वाचता वाचता तिनं माझ्याकडे जे पाहिलं त्याचा अर्थ मला लगेच कळला. आदल्याच रात्री वरणभाताची वाटी घेऊन मी चिनूच्या मागे घरभर फिरले होते, आणि "आई, त्याला भूक लागली की तो मागेल" यावरून आमचं थोडं वाजलं होतं.

आता आग्रह हा माझा व्यवसाय म्हणा, स्वभाव म्हणा. मी ज्या घरात वाढले तिथे पंगतीला जिलबी वाढणाऱ्यानं "पुरे" हा शब्द ऐकायचाच नाही, असा नियम होता. पानावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचं. पाहुण्याचं पोट बिघडलं तरी चालेल, पण यजमानाचा हात आखडला असं कुणी म्हणता कामा नये. यात लाड होताच. पण वाढणाऱ्याची हौस भागवून घेणंही होतं, हे मला साठी उलटल्यावर एका नदीकाठी उमगलं. पाहुणा निदान आडवा हात तरी धरतो, उठून तरी जातो. बदकाला हात नाही. पिशवी उघडी आहे तोवर ते समोर उभं राहणार, आणि आपल्याला वाटणार, बिचारं किती भुकेलेलं आहे!

जूनमध्ये आमचं येणं आठवड्यातून दोनदा झालं, कारण एका मादीला पिल्लं झाली होती. चिनूनं मोजली तेव्हा नऊ. पुढच्या वेळी सात. मग पाच. "बाकीची झोपलीत का?" त्यानं विचारलं. पाण्याखालून पाइक मासा ओढतो, वरून कुरव आणि बगळे उचलतात. हे मी त्याला सांगितलं नाही, "दुसरीकडे गेली असतील" म्हटलं. पिल्लांना काही घालायचं मात्र मी साफ नाकारलं. आईच्या मागे काठच्या गवतात ती माशा-चिलटांवर झडप घालत होती, पाण्यावर पळत जाऊन किडा धरत होती. शिकण्याचे दिवस त्यांचे. त्यात आमचा मका कशाला?

जुलैत मॅलार्डचे सगळे नर एकाएकी गायब झाल्यासारखे वाटले. नंतर कळलं, ते होते तिथेच. विणीचा हंगाम संपला की नर हिरवं डोकं उतरवून ठेवतो आणि मादीसारखा मळकट होतो. पंखांतली उडायची पिसंही एकदम गळतात, काही आठवडे उडताच येत नाही. नवी पिसं घडवायची तर शरीराला भरपूर प्रथिनं लागतात. त्या दिवसांत नेमकी शाळांना सुट्टी असते, ऊन असतं आणि काठावर ब्रेडचा पाऊस असतो.

त्याच सुमारास काठावर एक वयस्कर गृहस्थ भेटायला लागले. हातात छोटी बादली, तीत गहू. ते हंसांना उथळ पाण्यात गहू घालत, कारण हंस पाण्याबरोबरच नीट गिळतो. मी बादलीतले गहू दोन बोटांत धरून पाहिले, स्वच्छ निवडलेले. मान डोलावली. माझं इंग्रजी आणि त्यांचं मराठी सारखंच असल्यामुळे पुढचं सगळं लेकीच्या मध्यस्थीनं झालं. मी अभिमानानं आमचा डबा दाखवला आणि "नो ब्रेड" म्हटलं. ते हसले आणि त्यांनी माझ्या नव्या ज्ञानाला चांगलाच सुरुंग लावला.

त्यांनी सांगितलेलं मी घरी येऊन पडताळून पाहिलं. २०१८मध्ये राणीचे हंसपाल, ऑक्सफर्डचे प्राध्यापक क्रिस्टोफर पेरिन्स यांनी एक निवेदन काढलं होतं. ब्रेड घालू नका, या प्रचाराचा परिणाम असा झाला की लोकांनी काहीच घालायचं बंद केलं. पिल्लं अशक्त दिसू लागली, हंस अन्नाच्या शोधात रस्त्यांवर येऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातचं खाऊन जगणाऱ्या पक्ष्यांचा हात एकदम सोडला गेला. ब्रेडनं हंस मरत नाही, बुरशी आलेला तेवढा घालू नका, आणि हंसांना पुन्हा खायला घालायला लागा, असा त्याचा मथितार्थ. पाट्यांवर "एंजल विंग" नावाच्या व्यंगाचा धाकही घातलेला असतो. वाढत्या वयात पंखाचं टोक बाहेर मुडपतं, आणि पक्षी मोठा झाल्यावर ते सरळ होत नाही, मग तो कधीच उडत नाही. हे व्यंग ब्रेडमुळेच होतं असा पुरावा नाही, असंही त्या निवेदनात होतं. कुणी जास्तीच्या पिष्टाला दोष देतं, कुणी जीवनसत्त्वं आणि मँगनीज कमी पडल्याला, कुणी रक्तातच असतं म्हणतं. काठावर तसला एक कॅनडा गूज मी रोज बघायची, छत्रीची काडी मोडावी तशी त्याची पिसं बाजूला आलेली. त्याच्याकडे बोट दाखवून "बघ, ब्रेड खाल्ला की असं होतं" असं मी चिनूला दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

त्या निवेदनातली भानगड मला मात्र ओळखीची होती. साखरेचा रोगी घरात निघाला की काही घरं डॉक्टरांच्याही दोन पावलं पुढे जातात. भात बंद, पोळी एक, फळ नाही, आणि तिसऱ्या दिवशी माणूस न्हाणीघरात चक्कर येऊन पडतो. माझ्या एका डब्याचं तसं झालं होतं. तेव्हापासून पथ्याचा डबा घेणाऱ्यांना मी सांगायची, पथ्य म्हणजे उपास नव्हे. अळणी द्या, पण वेळेवर द्या.

या हंसांचं आणखी एक नवल. थेम्सवरचे बेवारस हंस राजाचे, आणि दोन जुन्या व्यापारी संघांचे, वाइनवाल्यांचे आणि रंगाऱ्यांचे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लाल सदरे घालून लोक होड्यांतून येतात, पिल्लं पकडून मोजतात, वजन करतात, जखमा तपासतात आणि सोडून देतात. तो ताफा आमच्या काठावरून गेला तेव्हा चिनूला वाटलं हंसांना दवाखान्यात नेताहेत. फार चुकीचं नव्हतं ते.

ऑगस्टमध्ये कडक ऊन पडलं. लेकीच्या घराजवळच्या बागेत एक लहानसं तळं आहे, वाहतं नाही. त्याच्या कडेला दोरी बांधून पाटी लागली, पक्ष्यांना खायला घालू नका, पाण्याला हात लावू नका. बॉट्युलिझमचा संशय. साचलेलं, तापलेलं, प्राणवायू नसलेलं पाणी, त्यात कुजणारं काहीबाही, आणि त्यात वाढणारा जंतू. तो जे विष करतो त्यानं पक्ष्याची मानच उचलली जात नाही. मला २०१९च्या नोव्हेंबरातल्या बातम्या आठवल्या. राजस्थानात सांभर सरोवरावर अठरा हजारांहून जास्त पक्षी याच रोगानं मेले होते, त्यांत कितीतरी थापट्या बदकं होती. तिथे कुणी ब्रेड टाकला नव्हता, ते संकट वेगळं. पण बंद तळ्यात कुजवण टाकणं म्हणजे काय, हे त्या दोरीशी उभं राहून कळलं. बर्ड फ्लूची साथ असली की अशाच पाट्या लागतात म्हणे. तेव्हा डबा घरीच, आणि एरवीही परत आल्यावर हात साबणानं. चिनू हात धुवायला कुरकुर करतो, मग आम्ही दोघं मिळून धुतो.

"आजी, तुझ्या नाशिकला बदकांना काय देतात?" एकदा त्यानं विचारलं. मी त्याला नांदूर मध्यमेश्वरची गोष्ट सांगितली. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथलं पाणी, चापडगावचा मनोरा, हिवाळ्याची सकाळ. तिथलं आमचं बदक म्हणजे हळदी-कुंकू. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी, कपाळाजवळ, दोन लाल ठिपके. नाव ठेवणाऱ्या बाईची (बाईच असणार) मी मनोमन ओटी भरते. तिथे तलवार बदकं येतात, चक्रवाक येतात, थापट्या येतात. २०२०मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पण कुणी काही घालत नाही. माणूस दिसला तरी अख्खा थवा उठून पार पलीकडे जाऊन बसतो. आपण दुर्बिणीतून बघायचं आणि घरून आणलेला आपला डबा आपणच खायचा.

"मग त्यांना कोण देतं?"

"कुणी नाही. पाणी देतं."

हे सांगताना मी जरा जास्तच पवित्र चेहरा केला असावा, कारण लेकीनं लगेच आठवण करून दिली, "आणि एलिफंटाच्या बोटीवर? गाठिया?" खरंच की. ती दहा वर्षांची असताना आम्ही गेटवेवरून बोटीनं गेलो होतो. बोटीबरोबर कुरव पक्ष्यांचा थवा उडत होता, लडाखपासून, मध्य आशियापासून हिवाळ्यासाठी खाली आलेले. लोक गाठिया हवेत उडवत आणि पक्षी झेलत. मी दोन पुड्या घेतल्या होत्या. तिनं उडवायचं आणि मी तिच्या हातात भरत राहायचं, असं जाईपर्यंत चाललं होतं. बेसन, तेल, मीठ आणि पापडखार. गाठिया मऊ होण्यासाठी त्यात किती खार पडतो, हे त्या बोटीवर माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल? मासे खाणारा पक्षी हजारो किलोमीटर उडून आमच्याकडे येतो आणि आम्ही त्याला फरसाण घालतो. तरी त्या दिवसाचा फोटो आहे, लेकीचे केस वाऱ्यावर, वर केलेला हात आणि बोटांपासून वीतभर अंतरावर पांढरा पक्षी. तो फोटो मला फाडवेल असं नाही.

यावरून आपल्याकडे वादही किती पेटतात. २०२५च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि लोक रस्त्यावर आले. मला दोन्हीकडच्यांचं थोडं थोडं पटत होतं. दम्याचा रोगी घरात असलेल्याचंही, आणि पन्नास वर्षं रोज सकाळी ज्वारीची पिशवी घेऊन जाणाऱ्या आजीचंही. तिचा तो तेवढाच डबा उरलेला असेल, कुणी सांगावं. माझे डबे बंद झाले तेव्हा पहिले दोन महिने मी पहाटे चारलाच उठून बसायची, कणीक तिंबायला हात शिवशिवायचे.

ऑक्टोबरात माझा परतीचा दिवस जवळ आला. शेवटच्या रविवारी गार वारं होतं, नदीचं पाणी चढलेलं. नरांची डोकी पुन्हा हिरवी झाली होती. जूनमधल्या पिल्लांपैकी तीन मोठी झाली होती असं चिनूचं म्हणणं, मला सगळी बदकं सारखीच दिसत होती. डब्यात फक्त वाटाणे होते, बाकीचं संपलं होतं आणि प्रवासाच्या गडबडीत आणायचं राहिलं.

चिनूनं एक वाटाणा टाकला. बदकं जवळ आली, पण पाणी खोल होतं, वाटाणा दिसेनासा झाला. दोघातिघांनी उलटं होऊन पाहिलं, पाय हलवले, वर आली. मग ती काठाकाठानं झाडांच्या बाजूला निघून गेली. तिथे पाण्यावर ओकची फळं पडली होती आणि बदकं ती टिपत होती. मी हाका मारणार होते. तोंडाशी आलं होतं, "या, या, अजून आहेत."

चिनू डबा मांडीवर घेऊन काठावर बसला. पाच महिने मी या मुलाला वाटाणा खिलवायचा प्रयत्न केला होता. उसळीतून, पुलावातून, पराठ्यात लपवून. "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" म्हणत. त्यानं प्रत्येक वेळी नेमका तेवढा दाणा जिभेनं बाहेर काढून ताटाच्या कडेला लावला होता.

त्यानं एक वाटाणा उचलून पाण्यात टाकला. "हा बदकाचा." दुसरा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि तोंडात टाकला. चावला. काही बोलला नाही. मग एक पाण्यात, एक तोंडात, असं सुरू झालं. थोड्या वेळानं पाण्यात टाकायचं त्याच्या लक्षातून गेलं.

मी काही बोलले नाही. लेकही बोलली नाही, फक्त तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं, न जाणो मी डब्यात हात घालून त्याला आणखी मूठभर देईन म्हणून.